संगनमत: बेलफास्टचा एक खून आणि अजून न मिळालेलं उत्तर

माझी भाची बेलफास्टला शिकते. रविवारी दुपारी आमची जेवणं आटोपत आली की रामबागेतल्या घरी तिचा फोन येतो आणि ताटावर बसल्या बसल्याच सगळे तिच्याशी बोलतात. मध्यंतरी तिनं विचारलं, "मावशी, इथे १९८९ सालच्या एका वकिलाच्या खुनाची चौकशी आता होणार आहे. गोळ्या झाडणारा तर कधीच पकडला गेला, त्याला शिक्षा झाली, तो सुटलासुद्धा. मग आता कसली चौकशी?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "झालं गेलं गंगेला मिळालं. उकरून काय हाती लागणार?"

मी इंदूरच्या कोर्टात सत्तावीस वर्षं फौजदारी वकिली केली. भाचीचा प्रश्न मला नवा नव्हता आणि आईचं म्हणणंही नवीन नव्हतं. खून झालेल्या घरातली माणसं वर्षानुवर्षं तारखांना येतात, तेव्हा नात्यातलेच लोक त्यांना हेच सांगतात. त्या दुपारी फोनवर जे नीट सांगता आलं नाही, ते इथे सांगते.

खून झालेल्या वकिलाचं नाव पॅट फिनुकेन. वय ३९. १२ फेब्रुवारी १९८९, रविवार. उत्तर बेलफास्टमधल्या घरात तो बायको आणि तीन मुलांसोबत जेवायला बसला होता. बंदूकधारी दार फोडून आत शिरले आणि त्यांनी त्याला चौदा गोळ्या घातल्या. बायको जेराल्डिन हिच्या पायालाही गोळी लागली. मुलांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं. धाकटा तेव्हा आठ वर्षांचा होता. पुढे तोच त्या भागाचा खासदार झाला.

मागची गोष्ट थोडक्यात अशी. उत्तर आयर्लंड ब्रिटनच्या अमलाखाली आहे. तिथल्या कॅथलिक समाजातल्या बऱ्याच जणांना आयर्लंडशी एक व्हायचं होतं, तर प्रोटेस्टंट समाजातल्या बहुतेकांना ब्रिटनमध्येच राहायचं होतं. १९६० च्या दशकाच्या शेवटापासून १९९८ च्या शांतता करारापर्यंत या भांडणात सुमारे ३,५०० माणसं मेली. सर्वाधिक खून आयआरए आणि तिच्यासारख्या आयर्लंडवादी सशस्त्र गटांनी केले. त्याखालोखाल युडीए, युव्हीएफ या ब्रिटननिष्ठ गटांनी केले. लष्कर आणि पोलिसांच्या हातून मेलेले सुमारे दहा टक्के. हे आकडे मुद्दाम आधी दिले, कारण सरकारला जाब विचारणाऱ्यांवर "तुम्हाला दहशतवाद्यांचे खून दिसत नाहीत का" असा वार लगेच होतो. दिसतात ना. पण आयआरएनं कधी कुणाच्या रक्षणाची शपथ घेतली नव्हती आणि ती कुणाकडून करही वसूल करत नव्हती. सरकार दोन्ही करत होतं.

फिनुकेनला युडीएच्या माणसांनी मारलं. यात सरकार कुठून आलं? इथे 'संगनमत' या शब्दाशी थोडं थांबावं लागेल.

इंदूरला आम्ही बोलताना सर्रास 'मिलीभगत' म्हणतो. तो शब्द कानावर पडला की बंद खोलीत कुजबुजणारी दोन माणसं, मध्ये टेबलावर पाकीट, असं चित्र उभं राहतं. संगनमत एवढ्यापुरतंच असतं, असं आपण धरून चालतो. सरकारच्या बाबतीत ही व्याख्या फार अरुंद आहे. असं समजा, आपल्या चौकीतल्या हवालदाराला खबर लागली की आज रात्री अमक्या घरात खून पडणार आहे. त्यानं मारेकऱ्यांना मदत केली नाही, पैसेही घेतले नाहीत. त्या घरी जाऊन सावध मात्र केलं नाही, कारण सावध केलं असतं तर आपला खबऱ्या उघडा पडला असता. सकाळी त्यानं पंचनामा चोख केला. हे संगनमत की नाही? कॅनडाचे निवृत्त न्यायाधीश पीटर कोरी यांनी उत्तर आयर्लंडमधल्या अशा खुनांची कागदपत्रं तपासली. त्यांचं उत्तर होतं, हो. हातमिळवणी तर संगनमत आहेच. माहीत असून कानाडोळा करणं, बोलायला हवं तिथे गप्प बसणं आणि मागाहून पाठीशी घालणं, हेही संगनमतच.

आता फिनुकेनचं प्रकरण त्या हवालदाराच्या शेजारी ठेवून पाहा. युडीएत माहिती गोळा करण्याचं काम ब्रायन नेल्सन करत असे. कुणाला मारायचं त्याचा पत्ता, फोटो, येण्याजाण्याच्या वेळा, सगळं त्याच्याकडे. हा नेल्सन ब्रिटिश लष्कराच्या फोर्स रिसर्च युनिट नावाच्या गुप्त तुकडीचा पगारी खबऱ्या होता. युडीएची शस्त्रं सांभाळणारा विल्यम स्टोबी पोलिसांच्या विशेष शाखेचा खबऱ्या होता. ज्याला पुढे शिक्षा झाली तो केन बॅरेटसुद्धा खुनानंतर पोलिसांचा खबऱ्या झाला. म्हणजे माहिती पुरवणारा, हत्यार सांभाळणारा आणि मारणारा, तिघंही कधी ना कधी सरकारी वहीत होते.

आणि पिस्तूल? ते १९८७ मध्ये लष्कराच्याच बराकीतून चोरीला गेलं होतं. खुनानंतर ते सापडलं, पोलिसांनी लष्कराला परत केलं आणि लष्करात त्याचे महत्त्वाचे भाग बदलले गेले. ज्यानं कोर्टात मुद्देमाल हाताळलाय, त्यानं हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं. खुनातलं पिस्तूल, खटला उभा राहायच्या आत, दुरुस्त करून वापरात.

खुनाच्या सुमारे चार आठवडे आधीही दुर्लक्ष करता न येण्याजोगी एक घटना घडली होती. १७ जानेवारी १९८९ ला गृहखात्याचे कनिष्ठ मंत्री डग्लस हॉग ब्रिटिश संसदेत म्हणाले होते की उत्तर आयर्लंडमधल्या काही वकिलांना आयआरएबद्दल अवाजवी सहानुभूती आहे. फिनुकेननं बॉबी सँड्ससारख्या आयआरएच्या कैद्यांची वकीलपत्रं घेतली होती. तो स्वतः आयआरएचा सदस्य नव्हता, हे नंतरच्या चौकश्यांत स्पष्ट झालं. मीही खुनाच्या आरोपींची वकीलपत्रं घेतली आहेत. "तुम्ही असल्यांना कशा काय वाचवता?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारला गेला आहे आणि मी त्याला शांतपणे उत्तरही दिलं आहे. पण वकिलाला त्याच्या अशिलांच्या रंगात रंगवायचं काम एखादा मंत्री भर सभागृहात करतो, तेव्हा तो शब्द पंगतीतला राहत नाही. बाहेर पिस्तुलं तयार असतात.

एवढं सगळं असताना पस्तीस वर्षं का गेली? १९८९ मध्येच जॉन स्टीव्हन्स या इंग्लंडमधल्या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याकडे चौकशी सोपवण्यात आली. जानेवारी १९९० मध्ये त्यांच्या कचेरीला आग लागली. ती मुद्दाम लावली होती, असं स्टीव्हन्स यांचं मत आहे. नेल्सन सापडला, पण १९९२ मध्ये त्यानं काही गुन्हे कबूल केले आणि त्याला दहा वर्षं शिक्षा झाली. वाचणाऱ्याला वाटेल, चांगलं झालं की. नाही. आरोपी गुन्हा कबूल करतो तेव्हा साक्षीपुरावा होत नाही, उलटतपासणी होत नाही, खबऱ्याला हाताळणाऱ्या अधिकाऱ्यांना पिंजऱ्यात उभं राहावं लागत नाही. शिक्षा पदरात पडते आणि गोष्ट पेटीत बंद होते. स्टोबीवरचा खटला २००१ च्या नोव्हेंबरमध्ये कोसळला आणि पुढच्याच महिन्यात त्याचा खून झाला. २००३ च्या एप्रिलमध्ये स्टीव्हन्स यांनी तिसरा अहवाल दिला. फिनुकेनच्या खुनात संगनमत होतं आणि हा खून टाळता आला असता, असं त्यात होतं. त्याच महिन्यात नेल्सन वारला. पुढच्या वर्षी बॅरेटला शिक्षा झाली, आणि शांतता कराराच्या तरतुदीप्रमाणे तो २००६ मध्ये सुटला.

भाचीचा "खुनी तर पकडला गेला" हा मुद्दा इथे संपतो. हात सापडला. हुकूम, किंवा हुकूम नसेल तर मूक संमती, ती कुणाची होती ते सापडलं नाही.

हात आणि हुकूम यांतला फरक इंदूरच्या माणसाला खरं तर कुणी शिकवायला नको. १२ जानेवारी १९२५ ला मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादिर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. त्याच्यासोबत गाडीत मुमताज होती. ती होळकरांच्या दरबारातून निघून गेलेली होती आणि हल्लेखोर तिलाच पळवायला आले होते. पकडले गेलेल्यांत इंदूर दरबारच्या नोकरीतली माणसं होती. खटला चालला, तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली, इतरांना जन्मठेपा झाल्या. मग प्रश्न राहिला, यांना पाठवलं कुणी? ब्रिटिश सरकारनं तुकोजीराव महाराजांपुढे दोन वाटा ठेवल्या: चौकशी आयोगाला सामोरं जा, नाहीतर गादी सोडा. महाराजांनी १९२६ मध्ये गादी सोडली. आयोग बसलाच नाही. त्यामुळे महाराज दोषी होते असं कुणी म्हणू शकत नाही आणि निर्दोष होते असंही नाही. शंभर वर्षं झाली, लालबागच्या राजवाड्यासमोरून जाताना अजून कुणीतरी हा विषय काढतो आणि अजून तो तिथेच थांबतो. ब्रिटिशांना उत्तर नको होतं, गादी रिकामी झाली एवढं पुरे होतं. त्या प्रकरणात आयोग बसला असता तर आज आपल्याकडे निदान एक कागद असता.

बेलफास्टच्या कुटुंबाला नेमका तोच कागद हवा आहे. माफी त्यांना मिळाली आहे. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी २०११ मध्ये जेराल्डिनना घरी बोलावून सांगितलं की जाहीर चौकशी होणार नाही, एक ज्येष्ठ वकील फायली वाचून अहवाल देतील. ते वकील म्हणजे डेसमंड डी सिल्वा. डिसेंबर २०१२ मध्ये अहवाल आला आणि कॅमेरून यांनी संसदेत माफी मागितली. अहवालात जे होतं ते हलकं नव्हतं. गुप्तचर खात्याच्या १९८५ मधल्या अंदाजानुसार युडीए ज्या माहितीवर आपली लक्ष्यं ठरवत होती, तिच्यातली सुमारे ८५ टक्के माहिती सुरक्षा दलांकडूनच झिरपलेली होती. खबऱ्यांना कसं हाताळायचं याचा कायदाच एकामागून एक आलेल्या सरकारांनी केला नव्हता. मात्र सरकारचा व्यापक कट असल्याचं आपल्याला आढळलं नाही, असंही डी सिल्वा यांनी लिहिलं. असेलही तसं. पण फायली बंद खोलीत वाचल्या गेल्या. कुणा अधिकाऱ्याला शपथेवर बोलावं लागलं नाही, कुटुंबाच्या वकिलाला एकही प्रश्न विचारता आला नाही. अशा निष्कर्षावर विश्वास ठेवा, असं मी माझ्या अशिलाला सांगू शकले नसते.

चौकशी खरी कशाला म्हणायची, याची मोजपट्टी युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानं उत्तर आयर्लंडच्याच प्रकरणांमध्ये घालून दिली आहे. युरोपीय कराराचं दुसरं कलम जगण्याच्या हक्काचं. त्यात फक्त 'मारू नका' एवढंच येत नाही, कुणी मारलं गेलं तर नीट तपास करण्याचं बंधनही येतं. ४ मे २००१ च्या निकालांत न्यायालयानं सांगितलं: तपास करणारा ज्याच्यावर आरोप आहे त्याच्यापासून स्वतंत्र हवा, तपास दोषींपर्यंत पोहोचू शकेल असा हवा, तो रेंगाळू नये, लोकांना काही प्रमाणात तरी दिसायला हवा आणि मृताच्या कुटुंबाला त्यात जागा हवी. या मापानं ब्रिटन फिनुकेन प्रकरणात २००३ मध्ये नापास झालं. २०१९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की या मापाला उतरेल असा तपास अजून झालेलाच नाही.

'स्वतंत्र' हा शब्द सगळ्यांत अवघड. मराठी माणसाला तो समजवायला रामशास्त्री पुरेसे आहेत. नारायणराव पेशव्यांना १७७३ मध्ये शनिवारवाड्यात त्यांच्याच गारद्यांनी मारलं. हुकुमात 'धरावे' होतं की 'मारावे', 'ध'चा 'मा' कुणी केला, यावर आपण आजही बोलतो. पण त्या काळी सत्तेवर राघोबादादा होते आणि त्यांच्याच नोकरीतल्या न्यायाधीशानं त्यांना तोंडावर दोषी ठरवलं. राज्यकारभाराला असा माणूस दर पिढीत मिळत नाही, म्हणून कायदा करावा लागतो. ब्रिटननं २००५ मध्ये केलेल्या चौकशी कायद्यात मंत्र्यालाच काही गोष्टी जाहीर होण्यापासून रोखण्याचा अधिकार दिला. ज्याची चौकशी तोच कात्री धरून बसणार, म्हणून जेराल्डिननी तशी चौकशी तेव्हा नाकारली. लोक त्यांना हट्टी म्हणाले. मला त्या बरोबर वाटतात.

सरकारी बाजूचा एक मुद्दा मात्र झटकून टाकता येत नाही. खबऱ्यांचं नाव फुटलं तर ते मरतात. उत्तर आयर्लंडमध्ये कित्येक तसे मेलेही. म्हणून अमुक माणूस आमचा होता की नव्हता, हे होही म्हणायचं नाही आणि नाहीही, असं धोरण तिथलं सरकार पाळतं. खबऱ्यांनी जीव वाचवलेही आहेत. पण ज्याला खून करू दिला, त्याच्यामुळे वाचलेल्यांची संख्या मोजून एका जेवणाच्या टेबलावरचं रक्त वजा करायचं, हा हिशेब कुठल्याही कायद्यानं कुणाच्या हाती दिलेला नाही. गुपित न्यायाधीशापासूनही लपवायचं, तेही पस्तीस वर्षांनी, मग ते खबऱ्याचं रक्षण राहत नाही. ते फायलीचं रक्षण होतं.

हे आजार एकाच सरकारचे नाहीत. मार्च १९८९ मध्ये आयआरएनं हॅरी ब्रीन आणि बॉब ब्युकॅनन या दोन पोलीस अधिकाऱ्यांना मारलं. त्यात शेजारच्या आयर्लंड प्रजासत्ताकाच्या पोलिसांतून संगनमत झालं, असा निष्कर्ष त्या देशाच्याच न्यायाधिकरणानं २०१३ मध्ये काढला. ब्रिटननं २०२३ मध्ये 'लेगसी ॲक्ट', म्हणजे त्या संघर्षातल्या जुन्या प्रकरणांबाबतचा कायदा, आणून जुन्या खटल्यांवर पडदा टाकायचा प्रयत्न केला. त्यातली माफीची तरतूद बेलफास्टच्या उच्च न्यायालयानं पुढच्याच वर्षी मानवाधिकारांच्या विरोधात ठरवली.

आपल्याकडे? सरकारी नोकरावर कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते. जुन्या फौजदारी संहितेचं कलम १९७, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं २१८. नव्या कायद्यात एक चांगली गोष्ट झाली, १२० दिवसांत सरकारनं निर्णय घेतला नाही तर मंजुरी मिळाली असं धरतात. अशांत भागांतल्या सैन्याच्या विशेषाधिकार कायद्यात मात्र केंद्राची पूर्वमंजुरी लागतेच. मणिपूरमधल्या १,५२८ कथित बनावट चकमकींची यादी सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा २०१६ मध्ये न्यायालयानं सांगितलं की अशांत प्रदेशातही गणवेशाला संपूर्ण अभय नाही. मेरठच्या हाशिमपुऱ्यातून १९८७ मध्ये सशस्त्र पोलिसांनी माणसं ट्रकमध्ये घालून नेली आणि मारली. खालच्या कोर्टानं २०१५ मध्ये सगळ्यांना सोडलं. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं १६ जणांना जन्मठेप दिली. मधल्या काळात घडलेली महत्त्वाची गोष्ट म्हणजे पोलीस तुकडीच्या जुन्या नोंदवह्या पुराव्यात आल्या. एकतीस वर्षं त्या वह्या कुठल्या तरी कपाटात होत्या.

माहिती अधिकाराबाबत एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. गुप्तचर संस्था त्या कायद्यातून वगळलेल्या आहेत, पण कलम २४ मध्येच अपवाद आहे. मानवाधिकार भंगाच्या आरोपासंबंधीची माहिती त्यांच्याकडेही मागता येते. माहिती आयोगाची मान्यता लागते, मुदत ४५ दिवसांची. पोलिसांच्या एखाद्या शाखेनं "आम्ही या कायद्याबाहेर" असं एका ओळीचं उत्तर पाठवलं तर अर्जदार बहुतेक तिथेच थांबतात. थांबू नका, अपील करा.

११ सप्टेंबर २०२४ ला ब्रिटनचे उत्तर आयर्लंड मंत्री हिलरी बेन यांनी फिनुकेन खुनाची जाहीर चौकशी होईल असं संसदेत सांगितलं. साडेपस्तीस वर्षांनंतर. कुटुंबानं या वेळी होकार दिला. मी हे सगळं दुसऱ्या रविवारी भाचीला सांगितलं, आई शेजारी बसून वाटाणे सोलत ऐकत होती. सगळं झाल्यावर तिनं एकच विचारलं, "कागद देणार आहेत का पण त्यांना?"

चौकशी त्याच २००५ च्या कायद्याखाली आहे. अध्यक्षांना साक्षीदार बोलावता येतात, कागद मागवता येतात, न देणं हा गुन्हा आहे. आणि मंत्र्याच्या हातातली ती कात्री अजून कायद्यात आहे.